पुलावर आवाज नको

उचिकोच्या मेणवाल्यांच्या गल्लीतून निघाले तेव्हा
पिवळट भिंतींवर ऊन चढायचं होतं.
दुकानाच्या दारावर चिठ्ठी: औषधं उद्या.
पाठीच्या खिशात भाताचे दोन गोळे, एक पाना,
आणि ओदा नदी शेजारून,
बोलायची सक्ती न करणारी.

या रस्त्याचा एक नियम आहे.
पुलावर काठी टेकवायची नाही.
फार पूर्वी दाइशींना एका गावात रात्री कुणी थारा दिला नाही,
ते पुलाखाली निजले.
अजून निजलेत, प्रत्येक पुलाखाली, असं धरून चालायचं.
पूल आला की पांढऱ्या अंगरख्यातले यात्रेकरू
काठ्या उचलून घेतात,
तान्ह्याच्या पाळण्याजवळून चालावं तसे जातात.

माझ्याकडे काठी नाही.
मागच्या चाकात मात्र एक रातकिडा आहे,
पाय थांबले की टिकटिक सुरू.
म्हणून पुलावर मी पायडल मारत राहते,
उतार असला तरी, पोटऱ्या पेटल्या असल्या तरी.
हे कुणी शिकवलं नाही.

पुढे गावं विरळ होत जातात.
बसथांब्याच्या बाकावर कुणीतरी विणलेली उशी,
बस दिवसातून दोनदा.
फळीवर तीन मुळे, शेजारी पैशांचा डबा, माणूस नाही.
वळणावरच्या फुगीर आरशात
मीच समोरून येते, बुटकी आणि घाईत.

"ओ यात्रेकरू!"
मुळ्याच्या वाफ्यातून ओकुबो हिसानो उभ्या राहिल्या,
म्हणजे जेवढं उभं राहता येतं तेवढ्या.
मी यात्रेकरू नाही आजी, नुसती सायकल चालवते.
"घाम आलाय ना? मग झालं."
हातात एक संत्रं, आणि कागदात गुंडाळलेलं दहा येनचं नाणं.
"चव्वेचाळिसाव्या देवळात टाक. माझे गुडघे आता अंगणापुरतेच."
अशा वेळी नाही म्हणायचं नसतं. तोही नियमच.

घाटभर नाणं पान्यावर किणकिणत होतं.
मग दम लागला, आणि दमापुढे काही ऐकू येईना.
वर देवदारांची गर्दी, यात्रेकरूंची एक बस,
मशीनमधली गरम डब्यातली कॉफी.
घड्याळ पाहिलं: मागच्या खेपेपेक्षा चार मिनिटं कमी!
त्या चार मिनिटांच्या नशेत
मी अकरा किलोमीटर उतरून गेले.

संत्रं सोलायला थांबले तेव्हा नाणं पायाशी पडलं.

उद्या टाकलं तर? गावातल्या देवळात टाकलं तर?
टाकलं म्हणून सांगितलं, तर आजी काय शोधायला जाणारेत?
दहा येनला कॉफीचा एक घोटही येत नाही.
शिव्या दिल्या. आधी आजीला, मग मला,
मग त्या चार मिनिटांना.
आणि सायकल वळवली.

दुसऱ्यांदा तोच चढ तोच नसतो.
सकाळी न दिसलेले दगडी जिझो दिसले,
लाल टोपड्यातले, ओळीने;
दर वळणाला वाटलं, हे मोजतायत मला.
देवळात शिक्क्यांची खिडकी बंद होत होती.
"आता शिक्का मिळणार नाही."
नकोच आहे, म्हटलं.
नाणं पेटीत पडलं. फार लहान आवाज.
हात जोडले तेव्हा लक्षात आलं,
काय मागायचं ते आजींनी सांगितलंच नव्हतं.
ओकुबोबाईंकडून आलेय, एवढंच म्हणाले,
पार्सल द्यायला आल्यासारखं.

परतताना अंधार. दिव्याच्या उजेडाएवढाच रस्ता.
आजींच्या घराआधी एक पूल आहे, आखूड, सिमेंटचा.
तिथे पाय संपले.
खरंच संपले. मारू म्हटलं तरी हलेनात.
रातकिडा ओरडू लागला,
पूलभर, नदीभर टिकटिक टिकटिक.
माफ करा, मी खाली बघून पुटपुटले.

पलीकडे एक खिडकी सरकली.
"पोचलं का?"
पोचलं.
"उशीर झाला."
हो.

खिडकी लागली.
संत्र्याची साल अजून माझ्या खिशात होती,
ओली.